डोहाचा हर्रास

जानरावनं श्रावणला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जानरावचा एकच पाय धुऊन झाला होता.

एक्कावन्न सालचा वैशाख. पूर्णेच्या काठी, सांगवी बुद्रुकमध्ये, रामरावांच्या दारी मांडव पडला होता. रामरावांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरली दुर्गा वलगावच्या जानरावला दिलेली होती आणि आता धाकट्या मैनेचं लग्न होतं. थोरला जावई म्हणून जानरावला ओसरीवर पाट मांडला होता. समोर पितळी परात. सासूबाई रुख्मिणीबाई तांब्यानं पाणी घालत होत्या, रामराव स्वतः वाकून पाय धूत होते आणि पाहुणे कौतुकानं बघत होते. जानराव चार भावांतला तिसरा. त्याच्यापुढे कुणी मुद्दाम वाकावं असे प्रसंग त्याच्या वाट्याला फार आले नव्हते. उजवा पाय झाला. डावा परातीत ठेवणार, तोच नदीकडून पोरांचा गलका आला की नवरदेव आला, अन् डोंग्यातून आला.

नवरदेव श्रावण यायचा होता संध्याकाळी, बैलगाडीनं. तो पलीकडच्या काठाचा, सांगवी खुर्दचा. इथं नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा आणि पलीकडे अकोला. मधे मोठा डोह. गाडीरस्ता लांबच्या उतारावरून वळसा घालून येतो. वऱ्हाडाच्या गाड्या त्या वाटेला लागल्या होत्या, पण नवरदेवाला तेवढा धीर धरवला नाही. त्यानं घरचा डोंगा सोडला, डोक्याला बाशिंग बांधलं आणि स्वतःच बांबू रेटत निघाला.

मांडव रिकामा झाला. रामराव ओल्या हातांनीच पळाले. रुख्मिणीबाईंनी तांब्या होता तिथंच ठेवला. जानराव थोडा वेळ पाटावर बसून राहिला, मग तोही उठून काठावर गेला. धुतलेल्या पायाला वाटेतली माती लागली.

मोहाच्या अख्ख्या खोडातून कोरलेला तो डोंगा, लांबट आणि अरुंद. त्याच्या मागच्या टोकावर एक सडपातळ, काळासावळा मुलगा घरच्या अंगणात उभं राहावं तसा उभा होता. बाशिंगाच्या मुंडावळ्या वाऱ्यानं तोंडावर येत होत्या आणि तो त्या फुंकरीनं बाजूला सारत होता. काठावरच्या बायका हसत होत्या. एका म्हातारीनं तर तिथूनच कानशिलावर बोटं मोडली. जानरावनं त्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय ओले होते.

परत आल्यावर कुणालाच आठवलं नाही की थोरल्या जावयाचा डावा पाय राहिला आहे. जानरावनं आठवण करून दिली नाही. पण तो ते विसरलाही नाही.

पुढच्याच वर्षी रामरावांनी त्याला आपल्याकडे राहायला बोलावलं. शेताला माणूस हवं होतं, आणि वलगावला चार भावांत जमीन जेमतेम होती. जानराव घरजावई झाला. रुंद खांद्यांचा, संथ चालीचा माणूस. बोलायचा कमी, कामाला मात्र कधी ना म्हणाला नाही. रामरावांचं काळ्या मातीचं शेत नदीला लागून होतं आणि दर पावसाळ्यात पूर्णा त्याचा एक लचका तोडून न्यायची. जानरावनं आल्या आल्या तिथं हात घातला. नदीकडच्या कडेला त्यानं दगड रचले, बाभळीच्या फांद्या आडव्या दाबल्या, निरगुडी लावली. पुरानं अर्धं नेलं की पुन्हा रचायचं. चार-पाच वर्षांनी तो बांध असा बसला की नदीनं तिथं तोंड लावणं सोडलं. रामराव एकदा जाऊन पाहून आले आणि म्हणाले, बरं झालं. तेवढंच. घरच्या माणसाला कोण किती वेळा बरं म्हणणार?

आणि तिथंच जानरावचं दुखणं होतं. जो घरात राहतो तो घरचा होतो, जो अधूनमधून येतो तो पाहुणा. श्रावणचा डोंगा काठाला लागला की रुख्मिणीबाई मांडे करायला बसत. पालथ्या मडक्यावर भाजलेले ते रुमालासारखे पातळ मांडे, वर तुपाची धार. जानरावच्याही ताटात ते पडत, अगदी तेवढेच पडत, पण ते श्रावणच्या निमित्तानं पडत. श्रावणच्या ताटात तूप वाढताना सासूबाईंचा हात जरा जास्त वेळ थांबतो, असं त्याला वाटे. थांबत असेल किंवा नसेलही. तो मात्र त्या हाताकडे बघतच असे.

श्रावणकडे नाव घ्यावी अशी शेती नव्हती. पण दोन्ही गावांना तो हवा असायचा. बाळंतपणाची सुईण आणायची, पोस्टाची थैली पोचवायची, खुर्दच्या पोरांना बुद्रुकच्या शाळेत आणायचं, सगळं त्याच्या डोंग्यातून. त्याच्या तोंडाला विश्रांती नव्हती. एकदा भर घाटावर, बायका पाणी भरत असताना, तो जानरावला म्हणाला, "साडभाऊ, एकडाव बसून तं पाहा. डोंगा तुमच्या वजनानं बुडला तं पैसे वापस."

घाटावरच्या साऱ्या हसल्या. त्यात दुर्गाबाईही होती. जानरावनं पुढे आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

डोंग्यात तो कधीच बसला नाही. आपल्याला पाणी सोसत नाही, पोहता येत नाही, असं सांगायचा. आणि तो बसत नाही म्हणून दुर्गाबाईलाही बसता येईना. बहिणीकडे जायचं तर गाडी जुंपायची आणि लांबच्या उतारावरून जायचं. पावसाळ्यात उतार बंद झाला की दिवाळीपर्यंत भेट नाही. मैनेच्या चुलीचा धूर अलीकडच्या काठावरून दिसे. दुर्गाबाई घागर भरताना तो बघत उभी राहायची आणि मग घागर उचलून घरी यायची.

हा सगळा मुलूख खाऱ्या पाण्याचा. विहीर कितीही खोल खणा, पाणी तोंडात धरवत नाही. गोडं पाणी तेवढं नदीचं. उन्हाळ्यात बाकीची नदी आटून वाळू उघडी पडे, पण सांगवीचा डोह कधी आटला नाही. दोन्ही गावं त्याच्यावरच जगत.

त्या डोहातल्या मासळीचा ठेका सरकार दर काही वर्षांनी देत असे. बासष्ट साली तो बाहेरच्या एका माणसानं घेतला. आधीचे ठेकेदार जाळी टाकायचे. हा विहिरी फोडायचे सुरुंग घेऊन आला. डोहात सुरुंग उडाला की पाणी ताडमाड उसळे आणि मग मासे पांढरी पोटं वर करून तरंगत. मोठे तो गोळा करून नेई, बारके तसेच सडत. पाण्याला वास सुटला. पाणमांजरं दिसेनाशी झाली. बौद्ध वस्तीचा घाट सगळ्यांत खालच्या अंगाला, त्यामुळे सडका माल आधी तिथं जाऊन लागे. त्या वस्तीतला भगवंत अमरावतीला शिकून शाळामास्तर होऊन आला होता. त्यानंच पहिल्यांदा म्हटलं की दोन वर्षांनी निघणारा पुढचा ठेका गावानंच घ्यावा, आणि घेऊन डोह तसाच ठेवावा. मासे धरायचे नाहीत, सुरुंग लावू द्यायचा नाही. डोंगा तेवढा चालेल.

लोकांना आधी हे खुळं वाटलं. पैसे भरून ठेका घ्यायचा आणि मासळीला हात लावायचा नाही? पण दोन दिवस सडलेलं पाणी गाळून प्यायल्यावर पटलं. पैसा कुठून आणायचा हे ठरायला वेळ लागला नाही. हनुमान जयंतीला गावात हर्रास होत असे. ज्यानं त्यानं वस्तू द्यायची, बोली लावून ती विकायची, पैसा देवळाला. तसाच हर्रास डोहासाठी करायचा ठरलं. भगवंतनं एकच मागणं मागितलं की हर्रास देवळाच्या पारावर नको, डोहाच्या वाळूत व्हावा, म्हणजे सगळ्यांना सारखं बसता येईल. पारावरच्या दोघा म्हाताऱ्यांनी चिलीम झटकली. मग एक म्हणाला, वाळू गारबी असते, चांगलं हाये.

अडलं ते दुसरीकडेच. कचेरीत ठेका कुणातरी एकाच्या नावावर घ्यावा लागणार होता. कुणाच्या? पाटलाच्या म्हटलं की देशमुखाला राग, देशमुखाच्या म्हटलं की पाटलाला. शेवटी तोड निघाली: हर्रासात ज्याच्या वस्तूला सगळ्यांत जास्त पैसा येईल, त्याचं नाव कागदावर.

हे ऐकलं आणि जानराव त्या रात्री नीट जेवला नाही. या गावात त्यानं बारा वर्षं काढली होती. शेत सासऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, बैलसुद्धा रामरावांचे म्हणूनच ओळखले जात. बाजारात कुणी विचारलं की लोक सांगत, हा रामरावांचा जवाई. सांगवीच्या कागदावर जानराव हे नाव कुठंच नव्हतं. आता अख्खा डोह त्याच्या नावावर होण्याची वाट मोकळी झाली होती. आणि डोह नावावर झाला, तर त्या डोहातून डोंगा चालवणाऱ्याला कुणाच्या पाण्यातून जावं लागेल, हाही विचार त्याच्या मनात आला. खरं सांगायचं तर तोच आधी आला.

त्याच्या स्वतःच्या म्हणाव्या अशा वस्तू दोनच होत्या, एक घोंगडी आणि एक रेंगी. रेंगी म्हणजे दोघातिघांपुरती हलकी, पळणारी बैलगाडी. ती त्यानं वलगावहून येताना आणली होती. बापानं दिलेली. दरसाल तो तिला तेल देई, चाकाच्या आऱ्यांना लाल रंग लावी, आणि धुरेला पितळी घुंगरं होती ती चिंचेनं घासून काढी. गावात तशी रेंगी दुसरी नव्हती.

"रेंगी देऊन टाकता?" दुर्गाबाई म्हणाली. "मंग मी मैनीकडे कायनं जाऊ?"

जानराव म्हणाला, बंडी आहे की.  शेतमालाच्या त्या मोठ्या बैलगाडीला शेतकामातून कधी सवड मिळते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

हर्रासाच्या दिवशी दोन्ही काठांची माणसं वाळूत जमली. बोली पुकारायला भगवंत उभा राहिला. रीत जुनीच होती. देणाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यानं आपल्या वस्तूवर बोली लावायची नाही. आणि जिंकणाऱ्यानं पैसे मोजून, मनात आलं तर वस्तू परत वाळूत ठेवायची. मग ती पुन्हा विकायची, आणि तोही पैसा देणाऱ्याच्याच खात्यावर धरायचा. हनुमान जयंतीला एकेक नारळ असा चार-चारदा विकला जाई.

तांब्याचे हंडे गेले, एक शेळी गेली, गावातल्या म्हाताऱ्या गंगूबाईनं दिलेली सांडग्यांची बरणी तीनदा विकली गेली. मग जानरावनं रेंगी हाकत आणली. बैलांच्या शिंगांना त्यानं गोंडे बांधले होते. घुंगरांचा आवाज ऐकून माणसं उठून उभी राहिली. अकोटच्या एका जिनिंगवाल्याचा मुनीम मुद्दाम आला होता, त्यानं आणि पाटलानं बोली चढवत नेली. तीनशेवर पाटील थांबला. मुनिमानं पैसे मोजले, आणि रेंगी परत ठेवायचा प्रश्नच नव्हता. त्यानं आपले बैल जुंपले आणि तो निघालासुद्धा. घुंगरं ऐकू येईनाशी होईपर्यंत जानराव त्या दिशेला बघत होता. मग त्यानं मान वळवून सासऱ्याकडे पाहिलं. रामराव शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या थोरल्या जवायाची." जानराव वाळूत मांडी घालून बसला. बारा वर्षांत तो इतका ऐसपैस कधी बसला नव्हता.

सगळ्यांत शेवटी श्रावण उठला. त्याच्या हातात वस्तू नव्हती, नुसता डोंग्याचा बांबू होता. तो त्यानं वाळूत आडवा ठेवला.

"माह्यापाशी देण्यासारखं काई नाई," तो म्हणाला. "एक दिवस देतो. जो घेईन त्याले डोंग्यातून वरच्या घळीपरेंत नेऊन आनीन. भाकर त्याची, मेहनत माही."

लोक हसले. जानरावही हसला, आणि मनापासून हसला. दिवस काय विकायची वस्तू आहे?

पण वरच्या घळीत कुणी गेलेलं नव्हतं. डोहाच्या वर नदी दोन उंच दरडींमधून येते. तिथं ना शेत, ना पायवाट, नुसती कहूची, म्हणजे अर्जुनाची, झाडं पाण्यावर वाकलेली. श्रावण तिथल्या गोष्टी सांगायचा आणि अर्ध्या लोक खोट्या धरायचे. पहिली बोली एका पोरसवद्या गड्यानं पंधराची लावली. जिंकला, बांबू उचलून खांद्यावर घेतला, चार पावलं ऐटीत चालला आणि हसत परत वाळूत ठेवला. मग देशमुखानं घेतला आणि ठेवला. मग पाटलानं, कारण देशमुखानं घेतला होता. खुर्दच्या माणसांनी वर्गणी करून घेतला. गंगूबाई म्हणाली, मले कोठी जायचं हाये या वयात, पन बांबू तं उचलून पाहू द्या. तिनंही घेतला आणि ठेवला. हसण्यानं वाळू दणाणत होती. भगवंत दर वेळी बेरीज पुकारायचा. शंभर झाले, दीडशे झाले, दोनशे.

जानरावचं हसणं केव्हाच थांबलं होतं. त्याची रेंगी एकदाच विकली जाऊन निघून गेली होती. हा बांबू मात्र जायला तयार नव्हता. दोनशे साठ, भगवंत म्हणाला.  जानरावला एकच उपाय दिसला. बांबू कुणीतरी घेऊन परत ठेवायचा नाही. मग पुढची बोलीच नाही. आणि असं करणारा या गर्दीत दुसरा कोण असणार? त्यानं हिशेब केला: चाळीसच्या आत घेतला, तर श्रावणचे तीनशे होत नाहीत.

"वीस," जानराव म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. जानराव, आणि डोंग्यावर बोली? श्रावण तर तोंड उघडं टाकून बघत राहिला. कुणी पुढे बोलेना. भगवंतनं एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं.

"पस्तीस," बायकांतून आवाज आला.

तो दुर्गाबाईचा होता. डोक्यावरचा पदर तिनं दातांत धरला होता आणि ती नवऱ्याकडे न बघता बांबूकडे बघत होती. ताक विकून साठवलेले पैसे तिच्या कनवटीला होते. नवरा-बायको एकमेकांवर बोली लावताहेत, हे सांगवीनं कधी पाहिलं नव्हतं. असा हशा उसळला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. कुणीतरी ओरडलं, घरातला हर्रास घरात करा ना बाप्पा.

पस्तीसनंसुद्धा बेरीज तीनशेच्या खालीच राहत होती. जानरावनं गप्प बसायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात आता हिशेब नव्हता. माझी बायको, आणि याच्या डोंग्यासाठी कनवटीची गाठ सोडते, एवढंच होतं.

"पन्नास," तो म्हणाला, आणि उठून बांबू उचलला. तो बांबू त्यानं परत ठेवला नाही. खांद्यावर घेऊन तसाच गर्दीबाहेर चालू लागला.

मागून भगवंतनं शांतपणे बेरीज पुकारली. श्रावणचे तीनशे दहा झाले होते. दुसरा नंबर जानरावची रेंगी, तीनशे.

जानराव थांबला. आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळलं. लोकांना त्याच्याआधी कळलं होतं, पण त्या वेळी कुणी हसलं नाही. मागून श्रावण धावत आला, जरा अंतर ठेवून उभा राहिला.

"साडभाऊ," तो म्हणाला, "थो बांबू तेवढा द्या. घरी कसा जाऊ?"

जानरावनं बांबू त्याच्या अंगावर टाकला.

रात्री त्यानं दुर्गाबाईला विचारलं, तू काहून बोलली? तिनं चुलीतला विस्तव झाकता झाकता सांगितलं, "मले माह्या बहिनीकडे पान्यातून जायाचं होतं. बारा वर्सं झाले, धूरच पाहून राहिली मी."  जानराव कूस बदलून झोपला, म्हणजे पडून राहिला.

विकत घेतलेला दिवस टाळता येईना. गावात जो तो विचारी, कदी जाता? शेवटी एका सकाळी जानराव घाटावर गेला. दुर्गाबाई भाकरी बांधून आधीच तिथं बसली होती. डोंग्यात पाय ठेवतानाच त्यानं दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि बसल्यावरही त्या सोडल्या नाहीत. श्रावणनं त्या दिवशी वजनाचा विषय काढला नाही. काढावासा वाटला असणार.

डोंगा निघाला. जानराव पाण्याकडे बघेना, श्रावणकडे बघेना. दुर्गाबाई मात्र हात पाण्यात सोडून बसली होती. जानरावच्या मनात तेच चाललं होतं, की कागद याच्या नावावर झाला, पाणी याचं झालं, आणि आपण आपल्याच पैशानं याच्या पाण्यातून चाललो आहोत. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून म्हशी घेऊन चाललेल्या एकानं हाक मारली.

"श्रावणभाऊ, म्हशी कोठून उतरवू?"

"जानरावच्या बांधाखालून नको," श्रावण ओरडला. "तेथं खोल हाये. बांधाच्या वरल्या अंगानं उतरव."

म्हशीवाल्यानं हात वर केला आणि कळप वळवला. दुर्गाबाईचा हात पाण्यात थांबला. जानरावनं पहिल्यांदाच मान वळवून मागे पाहिलं.

"कोन्ता जानराव?"

"तुमी," श्रावण म्हणाला. "येथं दुसरा कोन हाये?" आणि त्यानं बांबूनं समोर दाखवलं.

जानरावनं आपला बांध पाण्याकडून कधी पाहिला नव्हता. दोन्हीकडच्या दरडी खचून लाल-काळ्या तोंडांनी उघड्या पडल्या होत्या. मधेच एक लांब हिरवी पट्टी होती, खाली दगड, वर निरगुडी. ती कुठूनही ओळखू आली असती.

"असं कोनं म्हटलं?" त्यानं विचारलं.

श्रावणला प्रश्नच कळेना. "कोनं म्हंजे? आमी सारेच म्हन्तो. माहा बाप म्हने. पान्यात काई तं निशानी पायजे ना. जानरावच्या बांधापरेंत बांबू टेकते, त्याच्या खाली टेकत नाई. पोराईलेबी तसंच शिकोतो."

"मले कोनी सांगतलं नाई."

"तुमी डोंग्यात बसले कदी?"

दुर्गाबाई हसली, पण तिनं तोंडाला पदर लावला होता. जानराव त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिला. डोंगा तिच्यापासून पुढे निघाला तरी तो मान वळवून बघत होता. कडा त्यानं कधी सोडल्या हे त्यालाच कळलं नाही. त्याला आनंद झाला का? झाला असावा. पण त्याच्या आधी आली ती जुनीच जळजळ, वेगळ्या वाटेनं: आपलं नाव या माणसाच्या तोंडात इतकी वर्षं होतं, रोज होतं, आणि आपल्याला ते ऐकायलासुद्धा मिळालं नाही.

वरच्या घळीत त्यांनी कहूच्या सावलीत भाकरी खाल्ली. पाणमांजर एकही दिसलं नाही, एका दगडावर माशाचे ताजे काटे मात्र होते. श्रावण म्हणाला, आहेत, वर सरकली आहेत, येतील. येताना डोंगा खुर्दच्या काठाला लागला. मैनाबाई पाण्यात गुडघ्याएवढी उतरून उभी होती. दोघी बहिणी बोलत बसल्या त्या दिवस कलला तरी उठेनात. जानराव श्रावणच्या ओसरीवर बसला. मैनाबाईनं मांडे केले होते. तूप वाढताना तिचा हात जानरावच्या ताटावर थांबला, आणि जानरावनं ते बरोबर पाहिलं.

कागद ठरल्याप्रमाणे श्रावणच्याच नावावर झाला. पण श्रावण दिवसभर नदीत इकडून तिकडे. डोहाकाठी शेत होतं ते जानरावचं, म्हणजे रामरावांचं. त्यामुळे राखण आपोआप जानरावकडे आली. जुन्या ठेकेदाराची माणसं दोनदा सुरुंग घेऊन आली. दोन्ही वेळा जानराव कुऱ्हाडीचा दांडा घेऊन बांधावर उभा राहिला. डोह कुणाचा, असं त्यांनी विचारलं की त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागे, माह्या साडभाऊच्या नावानं हाये. हे वाक्य त्याला दर वेळी कडू लागे, आणि दर वेळी तो ते मोठ्यानं म्हणे.

आता एकोणसत्तर साल चालू आहे. मधे रामराव वारले. शेत दुर्गाबाई आणि मैनाबाई अशा दोघींच्या नावावर झालं, त्यामुळे सांगवीच्या कागदावर जानराव अजूनही नाही. डोहाचा ठेका मागच्या वेळीही गावानं घेतला आणि श्रावणचंच नाव लावलं. पाणी गोड आहे. पाणमांजरं खाली परत आली आहेत आणि पहाटे घाटावर दिसतात.

जानराव दर बुधवारी दुर्गाबाईला घेऊन डोंग्यानं खुर्दला जातो. डोंग्यात कुणी नवखा असला आणि हिरवी पट्टी समोर आली, की श्रावण तोंड उघडायच्या आत जानरावच सांगतो, हा जानरावचा बांध. पोहायला तो अजून शिकलेला नाही.